अण्णांच्या रेडिओतला फझ

नांदेडात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. गिटारचा आवाज फाटका, घोगरा करणारं फझ पेडल, म्हणजे पायानं दाबायची डबी, साठेक वर्षांपूर्वी विलायतेत निघालं. मिस्त्री त्याची हुबेहूब नक्कल करतात. त्याला जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरची, म्हणजे बारक्या पुर्ज्यांची, जुळती जोडी लागते; ते आता जुन्या रेडिओंतच सापडतात. मिस्त्री एकेक ट्रान्झिस्टर गालाला लावून ऊब देतात, मग जोडून ऐकतात. "हाव, ह्यो गातो. ह्यो नुसता बोंबलतो."

मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. माझ्या पेडलसाठी जोडी जुळेना, तेव्हा मीच म्हणालो होतो, "कुठूनबी काढा मिस्त्री, पण तोच आवाज पाहिजे."

गेल्या आठवड्यात पेडल तयार झालं. पहिल्याच सुराला अंगावर काटा आला.

"कुठं मिळाले ट्रान्झिस्टर?"

"तुमच्याच घरचे की, सर. वैनींनी रेडिओ टाकला होता न्हाई का दुरुस्तीला? त्यातले."

अंथरुणाला खिळलेले माझे वडील, अण्णा, रोज विचारतात, माझा रेडिओ कधी येणार?

"अहो, चालू करायला दिला होता तो!"

"जोडी जुळती का, तेवढंच बघून राहिलो होतो. घाबरू नका, लगेच परत बसवतो." त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवायला लावलं.

मी पेडल उचलून पिशवीत घातलं. "राहू द्या. अण्णांना सांगतो, आता दुरुस्त होत न्हाई म्हणून."

मिस्त्रींनी तापत आलेल्या आयर्नचा प्लग काढला.

आज लातूरच्या लग्नात तेच पेडल वाजवायला निघालोय.