सात नंबरचा शेरा

अमेरिकेत कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना मी अंधेरीत बसून मार्क देते, असं सांगितलं की आमच्या नाहूरच्या सोसायटीतले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "पण तुम्हाला कळतं का त्यातलं?" सुरुवातीला अजिबात कळत नव्हतं. कळावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हेच. चेंडू हातात धरून पळतात आणि एकमेकांच्या अंगावर जाऊन आदळतात.

काम तसं सोपं. एक पोरगा धरायचा आणि त्याचे सगळे डाव बघायचे. एक डाव पाच-सहा सेकंदांचा. नेमून दिलेलं काम केलं तर शून्य, त्याहून बरं केलं तर अधिक एक किंवा दोन, चुकला तर उणे. सीझन संपला की बेरीज होते, खाली आपण दोन ओळींचा शेरा लिहायचा आणि रिपोर्ट तिकडे जातो. तिकडच्या मोठ्या व्यावसायिक टीम एप्रिलच्या शेवटी कॉलेजच्या पोरांतून निवड करतात. सात फेऱ्या होतात. यादीत नाव आलं तर पोराचं भलं झालं, नाही आलं तर बहुतेकांचं खेळणं तिथेच संपतं. आमचा रिपोर्ट म्हणजे टीमसमोरच्या दहा कागदांतला एक, असं सर म्हणायचे. सर म्हणजे आमच्या गटाचा प्रमुख, माझ्या भाच्याच्या वयाचा. पण ऑफिसात सर म्हणजे सर.

त्याआधी अठरा वर्षं मी परदेशी डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचे. कोणाच्या पोटात गाठ, कोणाचं मूल गेलं, सगळं स्वल्पविरामासकट. पहिली काही वर्षं दुपारचा डबा घशाखाली उतरायचा नाही. मग उतरायला लागला. पुढे ते काम मशीनच करायला लागलं आणि मी इकडे आले. येताना दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक, काही न वाटण्याची सवय. दुसरी, माझ्या कामात चूक निघत नाही हा माज. माजच तो, उगाच गोड शब्द कशाला शोधू?

आमच्याकडे प्रत्येक रिपोर्ट दुसरं कोणीतरी तपासतं. माझे तपासायला एक मुलगी दिली होती. तेवीसची असेल, मानखुर्दहून यायची, रविवारी त्यांच्या विहारात लहान मुलांना गणित शिकवायची. सहा महिने भरले की पक्की होणार होती. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या एका डावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मी उठून तिच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तू बाराखडी गिरवत होतीस ना, तेव्हापासून मी स्क्रीनसमोर बसतेय. मला शिकवू नकोस." त्या वेळी चूक तिचीच होती, त्यामुळे मला आणखी जोर चढला. ती म्हणाली, "सॉरी काकू." त्यानंतर माझ्या कामावर एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. मला वाटलं, चला, सुधारली.

सात नंबर माझ्याकडे ऑक्टोबरात आला. एका लहानशा कॉलेजचा, बचाव फळीतला. त्याला नाव होतं, पण आम्ही नंबरानेच बोलतो. थोराड अंगाचा, मान आखूड. समोरच्याला पाडलं की त्यालाच हात देऊन उठवायचा. त्याला मार्क नसतात, तरी मी व्हिडिओ तेवढा पुढे जाऊ द्यायचे. आवडला होता म्हणा ना. कामात बरा होता, अधिक एक, अधिक एक, मध्येच शून्य.

घाण व्हायची ती फक्त किकच्या वेळी. त्यांच्यात डाव नव्याने सुरू करताना एक टीम लाथेने चेंडू लांब उडवते. दुसऱ्या टीमचा गडी तो झेलून पळत सुटतो आणि लाथ मारणाऱ्यांनी धावत जाऊन त्याला आडवा करायचा. ह्या धावेत माझा सात नंबर बाजूबाजूने पळायचा. टक्कर येतेय असं दिसलं की वळायचा. हा व्हिडिओ पार वरून घेतलेला असतो, माणसं साबुदाण्याएवढी दिसतात, पाठीवरचा आकडा थांबवून मोठा करून बघावा लागतो. मी थांबवून, मोठा करून बघितलं. सातच. उणे दोन, उणे दोन. मला राग आला. घरी असो की ऑफिसात, मला ही कामचुकार जात सहन होत नाही. शेरा इंग्रजीत लिहावा लागतो, पण मनात शब्द मराठीच होता. लिहिलं, अंग चोरतो.

त्याच्यासारख्या मधल्या पोरांना मोठ्या टीम घेतात त्या मुख्यतः ह्या किकच्या धावेसाठी, हे मला माहीत होतं. सरांनीच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे मी काय लिहितेय ते मला कळत होतं. मुलीने रिपोर्ट तपासला, पास केला. फेब्रुवारीत तो गेला.

मार्चच्या सुरुवातीला त्याच कॉलेजचा दुसरा एक पोरगा माझ्या यादीत आला. सात नंबर. मी सरांना म्हटलं, "सर, हा माझा झालाय, परत कशाला दिलात?" ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "काकू, तो वेगळा. कॉलेजमध्ये एकच नंबर दोघांना देतात, एक चढाईत, एक बचावात. एका वेळी मैदानात एकच उतरतो, म्हणून चालतं."

आपल्याकडे एका वर्गात दोन पोरांना एक हजेरी नंबर देतात का? माझ्या डोक्यातच आलं नाही. कोणाच्या आलं असतं?

मी जागेवर आले आणि किकचे व्हिडिओ परत लावले. नव्या सात नंबरची शिडशिडीत अंगकाठी, डाव्या दंडापासून मनगटापर्यंत पांढरी बाही. माझ्या सात नंबरला बाही कधीच नव्हती. सगळ्याच्या सगळ्या किकना बाहीवालाच होता. माझा पोरगा एकदाही किकच्या वेळी मैदानात नव्हता. जे त्याने केलंच नव्हतं त्यासाठी मी त्याला उणे दिले होते आणि वर शेरा मारला होता.

मला धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. पाण्याची बाटली भरून आणली आणि मुलीपाशी गेले. व्हिडिओ दाखवून विचारलं, "तुला दिसलं नव्हतं हे?"

तिने व्हिडिओ थांबवला. मग म्हणाली, "दिसलं होतं काकू."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही केलं होतं ना. मला वाटलं, मलाच कळलं नसेल. प्रश्नचिन्ह टाकलं होतं एकदा. मग काढून टाकलं."

मी व्हिडिओ बंद केला. सरांकडे गेले. ते म्हणाले, दुरुस्ती मार्चअखेरपर्यंत पाठवता येईल, अजून तीन आठवडे आहेत. पण दुरुस्तीच्या फॉर्मवर तपासणाऱ्याचं नाव लागतं. तिचे सहा महिने पुढच्या महिन्यात भरतायत, अशी चूक पास केली म्हटल्यावर तिला ठेवणार नाहीत. "तुमचं काही होणार नाही काकू. तुमच्या नावावर पहिली चूक लागेल, एवढंच. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी मुलीला जसंच्या तसं सांगितलं. तिने खालच्या आवाजात विचारलं, "तो निवडीतून राहील का काकू, नाही पाठवलं तर?"

"राहू शकतो."

"मग पाठवा. माझं मी बघते."

तेवीस वर्षांची मुलगी. तिच्या घरातून ऑफिसात जाणारी ती पहिलीच. एवढं बोलून ती परत कामाला लागली.

तीन आठवडे मी रोज तो फॉर्म उघडायचे. कारण लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. खाली बटण होतं ते दाबायचं राहायचं. शेवटच्या दिवशी सर येऊन टेबलाशी उभे राहिले. मी म्हटलं, "राहू दे. पोरीची नोकरी जाईल." ते म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं," आणि सुटल्यासारखे गेले. पोरीची नोकरी हे कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच असतं तर तीन आठवडे लागले नसते. माझ्या नावापुढे वीस वर्षांत एकही चूक लागली नव्हती, आणि ती कोरी जागा मला त्या पोरापेक्षा जास्त प्रिय निघाली. कोणाला पटो न पटो, झालं ते असं झालं.

मुलीला मी सांगितलं की दुरुस्ती गेली, आणि तुझं नाव मी फॉर्मवरून काढायला लावलं. तिने माझा हात धरला. पुढच्या महिन्यात ती पक्की झाली.

निवड तिकडे तीन दिवस चालते. शेवटच्या फेऱ्यांची यादी रविवारी सकाळी चहा घेताना मी फोनवर उघडली. पहिल्या नावापासून शेवटपर्यंत वाचली, मग शेवटापासून उलटी वाचली. त्याचं नाव नव्हतं. कदाचित तसंही आलं नसतं. दहा कागदांतला एकच आमचा. चहा संपवला, कपबशी विसळली, कुकर लावला. मला काही वाटलं नाही.

सोमवारी मी जागेवर बसते न बसते तोच मुलगी आली. विचारावं की नको अशी उभी राहिली, मग विचारलंच, "काकू, आला का त्याचा नंबर?"

मी म्हटलं, "आला. शेवटच्या फेरीत."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बरं झालं काकू," ती म्हणाली. "मला रोज स्वप्नात तोच दिसायचा." तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा मला लाज वाटली. कित्येक वर्षांनी मला काहीतरी वाटलं, ते एवढंच.

निवडीची यादी कोणाच्याही फोनवर निघते. सात नंबरचा रिपोर्टही तिच्या मशीनवर उघडतो, शेरा अजून तसाच आहे. ह्याला आता वर्ष होत आलं. तिने दोन्हीपैकी काहीच उघडून बघितलेलं नाही, कारण तिला ते मी सांगितलंय.