देवीसमोर फोडायची पाकिटं

टोबी बसला.

दिल्लीच्या विमानाचं बोर्डिंग सुरू झालं होतं. गेटसमोरच्या रांगेतून जाता जाता टोबी एका बाईंच्या पर्सपाशी थांबला आणि शांतपणे मागच्या पायांवर बसला. भुंकला नाही, ओढाताण केली नाही. बसला आणि माझ्याकडे बघू लागला. आमच्या कामात एवढंच पुरेसं असतं.

मी टोरांटोच्या विमानतळावर कस्टम्सचा अधिकारी आहे. टोबी हा लॅब्रेडॉर माझा कामातला जोडीदार. त्याला नोटांचा वास ओळखायला शिकवलेलं आहे. कुणाच्या पाकिटातल्या चार नोटांची तो दखल घेत नाही. मोठा गठ्ठा असला तरच बसतो. बक्षीस म्हणून त्याला गुंडाळलेला टॉवेल मिळतो. तो टॉवेल ओढायला मिळावा म्हणून तो जीव तोडून काम करतो.

मी किनवटच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला पदवीधर. कॅनडात आल्यावर आधी इथल्या केंब्रिज गावातल्या कारखान्यात शिफ्ट केल्या, मग परीक्षा दिली, ट्रेनिंग झालं आणि ही नोकरी मिळाली. वडिलांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बी.एस्सी. होऊन कुत्रं फिरवतोस?" मी म्हटलं, "हो बाबा. आणि फार आनंदात फिरवतो." ते खरंच होतं, आजही आहे.

आता नियम सांगतो, कारण तो बहुतेकांना उलटा माहीत असतो. कॅनडातून बाहेर जाताना किंवा आत येताना जवळ दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोकड असेल, तर ती आम्हाला सांगावी लागते. यालाच डिक्लेअर करणं म्हणतात. न्यायला बंदी नाही. वर टॅक्सही नाही. फॉर्म भरायचा, सही करायची, निघायचं. पण सांगितलं नाही आणि सापडली, तर ती जप्त होऊ शकते, आणि परत मिळाली तरी दंड भरून. आपले लोक मात्र "दहा हजारांची लिमिट आहे" एवढंच ऐकून येतात आणि घाबरून गप्प बसतात.

त्या दिवशी पर्स धरून उभ्या असलेल्या बाई साठीच्या असतील. शेजारी मुलगा, आणि हिरवा चुडा भरलेली नवी सून. तिच्या हातावरची मेंदी अजून गडद होती.

"मॅडम, तुमच्याजवळ दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त कॅश आहे का?" मी इंग्रजीत विचारलं.

बाई मुलाकडे वळल्या. "काहून रे निखिल, हा कुत्रा काहून बसला?"

"आई, नो म्हण," मुलगा ओठ न हलवता पुटपुटला. "जस्ट से नो. दहाची लिमिट आहे."

"दादा," मी म्हटलं, "मला मराठी येतं."

निखिलचा चेहरा पडला. त्याच्या आईचा मात्र असा उजळला की रांगेतले लोक वळून बघू लागले.

"अगं बाई! कुठले तुम्ही?"

"किनवटचा."

"किनवट! मी पुसदची न! आम्ही माहूरलाच तर चाललो, देवीला!"

माहूर म्हणजे रेणुकादेवी. आमच्या किनवटच्या शाळेची दर वर्षीची सहल तिथेच जायची. माझ्याही तोंडावर हसू आलं असावं, कारण माझी सुपरवायझर लुईझ लगेच जवळ आली. लुईझ मॉन्ट्रियलची. कामाला कडक.

"नातेवाईक आहेत का? असतील तर दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावते."

"नाही. शेजारच्या गावच्या आहेत."

"किती शेजारच्या?"

"गाडीने दोन-अडीच तास."

"माझी बहीण आईच्या घरापासून तेवढ्याच अंतरावर राहते," लुईझ म्हणाली. "आई म्हणते ती परदेशात गेली. ठीक आहे, तूच बोल. किती रक्कम आहे?"

मी बाईंना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "मला माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज कसा घेऊ? पाकिटं फोडलीच नाहीत न."

त्यांनी पर्स उघडली. आत लाल कापडात बांधलेला लग्नाच्या आहेराच्या पाकिटांचा जाडजूड गठ्ठा होता. टोरांटोजवळच्या मिल्टनच्या बँक्वेट हॉलमध्ये लग्न झालं होतं. मुलगी अभिरामी स्कारबरोची, तमिळ घरातली. दोन्हीकडचे पाहुणे भरपूर, आणि बहुतेकांनी पाकीटच दिलेलं. यांच्या घरी पद्धत अशी, की आहेराची पाकिटं आधी देवीसमोर ठेवायची, नवराबायकोने तिथे बसून फोडायची, आणि मगच त्या पैशाला हात लावायचा. निखिलचे बाबा पूजेच्या तयारीसाठी आधीच पुसदला गेले होते.

मी लुईझला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"फॉर्मवर रक्कम लिहायची जागा आहे. 'माहीत नाही' लिहायची जागा नाही."

"पंधरा हजार लिहा न," मी ते मराठीत सांगितल्यावर बाई म्हणाल्या. "कमी निघाले तर बिघडलं कुठं?"

"काकू, खाली सही असते. माहिती खरी आहे म्हणून."

"मग देवीच्या पैशाबद्दल खोटी सही नको," त्या स्वतःच म्हणाल्या. "हा तर मला नो म्हणायला लावत होता." निखिल जमिनीकडे बघू लागला.

"दोन मार्ग आहेत," लुईझने सांगितलं. "इथे उघडून मोजायची, किंवा पैसे इथेच कुणाकडे तरी ठेवून जायचं."

मी मराठीत सांगितलं. बाईंनी पर्स छातीशी धरली.

"फोडणार नाही. माझ्या लग्नातली पाकिटं माझ्या सासूबाईंनी गड चढून नेली, मग फोडली. मी माझ्या सुनेची विमानतळावर फोडू? अन् हिला पहिल्यांदा नेते, तर रिकाम्या हातानं नेऊ?"

"आई, फ्लाइट जाईल."

"जाऊ दे."

"बाबा तिकडे मंडप घालून बसलेत!"

"त्यांना बसू दे."

आतापर्यंत टोबीला टॉवेल मिळाला होता आणि तो खुशीत होता. बाकी कुणीच खुशीत नव्हतं. एअरलाइनची मुलगी येऊन सांगून गेली, की आणखी थोडाच वेळ थांबता येईल, नाहीतर यांच्या बॅगा उतरवाव्या लागतील. मला वाईट वाटत होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचंच विमान चुकणार, हे काही बरं दिसत नव्हतं. पण नियम मी बनवत नाही.

तेवढ्यात अभिरामीने निखिलला इंग्रजीत हळूच काही विचारलं. त्याने उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. मग ती सासूजवळ गेली.

"आई," ती जपून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "देवी तुमच्या पर्समध्ये आहे ना? द सिल्व्हर वन?"

बाईंचा हात लगेच पर्समध्ये गेला.

पर्समध्ये टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेली देवी, देवघरात पूजेला असते ती. नव्या सुनेच्या घरासाठी तसाच दुसरा घडवून घ्यायचा म्हणून त्यांनी तो सोबत घेतला होता.

"आहे न!" बाईंचा आवाज एकदम चढला. "देवी तर इथंच आहे! निखिल, तुला नाही सुचलं. अन् ही लग्न होऊन आठवडा नाही झाला!"

गेटच्या बाजूला आमचं एक काउंटर असतं. त्यावर त्यांनी रुमाल पसरला, टाक ठेवला, छोट्या डबीतून हळदकुंकू वाहिलं. पाकिटांच्या गठ्ठ्यालाही बोट लावलं. लुईझने मला विचारलं, "याला किती वेळ?" मी म्हटलं, "झालंच." तिने मान डोलावली आणि एक पाऊल मागे सरकून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने हातही पुढे जोडून धरले होते.

मग नवराबायकोने पाकिटं फोडायला सुरुवात केली. ते फोडत होते, मी मोजत होतो, लुईझ लिहीत होती.

प्रत्येक पाकिटातून नोटांबरोबर टेपने चिकटवलेलं एक डॉलरचं नाणं निघत होतं. शंभर आणि एक. दोनशे पन्नास आणि एक. या देशात एक डॉलरची नोट मिळत नाही, म्हणून सगळ्यांनी नाणी चिकटवली होती. पर्स एवढी जड का होती ते आत्ता कळलं.

"वर एक कशाला?" लुईझने विचारलं.

"हिशेब संपू नये म्हणून," मी म्हटलं. "एक उरला की नातं पुढे चालू."

"आमच्यातही असंच देतात," अभिरामी म्हणाली.

"कुलकर्ण्यांनी एकवीस?" बाई ओरडल्या. "सहा जण जेवून गेले! श्रीखंड दोनदा घेतलं!"

"आई, प्लीज!"

"देवीसमोर खोटं बोलू का? दोनदा घेतलं."

एका पाकिटातून कॉफीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड निघालं. ते रोकड नाही, बाजूला ठेवलं. काही चेक निघाले. कुणाच्या तरी नावाने लिहिलेला आणि मागे सही न केलेला चेकही या मोजणीत धरत नाहीत. तेही बाजूला. सात हजारांच्या वर काही जाणार नाही, असं निखिल छातीठोकपणे म्हणाला होता. दहा हजार पार झाले तेव्हा बरीच पाकिटं उरली होती.

बाईंचे हात थांबले. "दहा झाले? आता नेणार का तुम्ही हे?"

"नाही काकू. आता फक्त लिहायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

शेवटी रक्कम तेरा हजारांच्या थोडी वर गेली. फॉर्म भरला. पैसे कुठून आले, तर लग्नातला आहेर. कुठे नेताय, यावर बाईंनी सांगितलं, "देवीला दाखवायला." लुईझने टाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला वाटतं तिने पाहिलं." तरीही बाई पैसे घेऊनच गेल्या. इथे पाहिलं ते ठीक, पण घरी नेऊन दाखवायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. शिक्का मारून प्रत दिली. भारतात उतरल्यावर पाच हजार अमेरिकी डॉलरच्या वर किमतीच्या परदेशी नोटा असतील तर तिथल्या कस्टम्सलाही सांगावं लागतं, हे मी निखिलला दोनदा बजावलं.

जाताना बाई वाकल्या आणि टोबीला नमस्कार केला. "माहूरला दत्त पण आहे न. त्याच्या पायाशी असतात, त्यातलाच हा." मग सुनेचा हात धरून विमानात गेल्या. मुलगा जड पर्स घेऊन मागून.

त्या शिफ्टनंतर मी वडिलांना फोन केला. माहूरचं नाव निघाल्यावर त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. आता ते आधी टोबीची तब्येत विचारतात, मग माझी.

काही आठवड्यांनी माझी ड्यूटी अरायव्हलला होती. पासपोर्टच्या काउंटरवरून एका सहकाऱ्याने मला बोलावलं. मागे लांब रांग तुंबलेली. पुढे त्याच बाई, निखिल आणि अभिरामी.

"तुझ्या भाषेत समजाव यांना," सहकारी हताश होऊन म्हणाला. "या थांबतच नाहीत."

बाई एकेक वस्तू काढून काउंटरवर ठेवत होत्या. "हे लोणचं, डिक्लेअर. हे मेतकूट, डिक्लेअर. नवीन टाक, चांदीचा, डिक्लेअर. कॅश नाही, ते पण डिक्लेअर. या सेफ्टी पिना."

"काकू, पिना सांगायच्या नसतात."

"राहू द्या. सांगितलेलं बरं."

न सांगणाऱ्यांमुळे आमचं काम वाढतं. सगळं सांगणाऱ्यांमुळेही वाढतं. पण दुसऱ्या प्रकारात कुणाचं काही जप्त होत नाही, आणि टोबीही निवांत झोपतो.