हरणाबाईची कवड्यांची माळ

"माळ गळ्यात हाय तवर बसायचं न्हाई," हे हरणाबाईचं बोलणं. चहाला थांबा म्हटलं तरी हेच, गुडघ्याला तेल लावते म्हटलं तरी हेच.

हरणाबाई देवीची आराधीण, माळ तिच्या सासूच्या सासूपासूनची. कवड्यांच्या पाठी अंगाला घासून गुळगुळीत झालेल्या, रंग जुन्या दातांसारखा. कडेगावच्या या आळीत लग्नघरी गोंधळ असला की आधी हरणाबाई यायची. नवरीच्या गळ्यात क्षणभर माळ घालायची, काढून परत आपल्या गळ्यात घ्यायची, मगच नवरी बोहल्याकडे निघायची. एरवी तिला अंगणातूनच बोलून वाटेला लावणाऱ्या बाया त्या दिवशी वाकून तिच्या पाया पडत. पहिला खणनारळ तिच्या ओटीत पडे.

त्या मानाचं ओझंही होतं. मंगळवारी, शुक्रवारी अनवाणी पाच दारं जोगवा मागायचा. माळ घालून गाडीवर बसायचं नाही. आणि माळ आपण होऊन कुणाला द्यायची नाही. जिला हवी तिनं पदर पसरून मागायची.

मागत कुणी नव्हतं. म्हणून वर्षभर हरणाबाईचा पाय घरात ठरत नव्हता. या दारातून त्या दारात, देवळातून ओढ्यावर, छातीवर माळ खुळखुळत. बघा की गं, असंच जणू ती खुळखुळ म्हणायची.

सून रेश्माला ते कळत होतं. नवरा जयराज फौजेत, तिकडं लांब. रेश्माचं गावात ब्युटी पार्लर. दर अमावस्येला ती हळदीच्या पाण्यानं कवड्या धुवायची, पुसून सासूच्या हातात द्यायची आणि मान खाली घालून आत जायची. ज्यांच्या भुवया आपण कोरतो त्यांच्या दारात परडी घेऊन उभं राहायचं? नुसत्या विचारानंच तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

मळेवाल्या हंबीररावांच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न निघालं. लग्नादिवशी नवरीला सजवायला रेश्मा सकाळीच मळ्यावर गेली. तिच्या केसात गजरा माळत होती, तेवढ्यात नवरीची आई चंद्राबाई आत आली.

"रेश्मा, सासूला कशाला चालवतीस एवढ्या उन्हात? गुडघं धरून येनार, निम्मं लग्न तिची वाट बघनार. तू गाडीवर जा नि नुसती माळ घिऊन ये पिशवीतनं. फोटोत दिसली म्हंजे झालं."

"माळ गळ्याबिगर येत न्हाई, काकी."

शब्द तोंडातून गेले आणि रेश्माच दचकली. आवाज आपला, बोलणं सासूचं.

"मग घाल की तू!" चंद्राबाई हसली. "लिपस्टिकवाली आराधीण! गिऱ्हाईक वाढंल बघ." बाया खिदळल्या. आरशातली राजनंदिनी तेवढी हसली नाही.

रेश्मानं गजऱ्याची शेवटची पिन खोचली आणि गाडीला किक मारली.

हरणाबाई नवं लुगडं नेसून, माळ घालून अंगणात येरझाऱ्या घालत होती. "निगायचं का?" तिनं विचारलं. मग सुनेच्या तोंडाकडं बघून, "काय म्हनली चंद्रा?"

खोटं बोलावं असं रेश्माला वाटलं. पण सांगितलं.

हरणाबाईच्या येरझाऱ्या थांबल्या. मग दोन्ही हात मानेमागं गेले. "ने मग," ती म्हणाली. "पोरीचं लग्न आडाया नको. पिशवी घी आतली." गाठ तिला सुटेना.

पिशवी आणायला रेश्माचा पाय उचलेना. अंगात पंजाबी ड्रेस; पदर कुठला? तिनं ओढणीची दोन टोकं धरली आणि सासूपुढं पसरली.

"मला द्या, आत्या."

हरणाबाईचे डोळे बारीक झाले. "फोटूसाठी मागतीस?"

"न्हाई."

"मंगळवारी दारं मागशील? तुज्या पार्लरच्या बायांची?"

"त्यांचीच आधी. चंद्राकाकीचं पयलं."

म्हातारी हसली की हुंदका दिला, कळलं नाही. गाठ रेश्मानंच सोडवली. माळ ओढणीत पडली, हरणाबाईनं ती उचलून सुनेच्या गळ्यात घातली. गार नव्हती, सासूच्या अंगाची ऊब अजून कवड्यांत होती.

रेश्मानं चपला काढल्या. गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. "आत्या, आता बसा हितं, न्हाईतर माज्यासंगं चला."

"मी आले तर लोक दोन गळं बघत बसतील, तुजा भरला नि माजा रिकामा. तू जा. थांबू नगस."

आणि बसायचं सोडून ती निघाली, मळ्याच्या उलट दिशेला, रोजच्या ओढ्याच्या वाटेनं, गुडघा ओढत पण भराभर. चालताना हात पुन्हा पुन्हा छातीकडं जाई, खुळखुळ दाबायला, आणि रिकामाच खाली येई.

रेश्मा थांबून बघणार होती. पण माळ गळ्यात होती. तापल्या मातीत अनवाणी पाय टाकत, मान मागं वळवून, उसाआड ते लुगडं दिसेनासं होईपर्यंत ती चालता चालताच बघत राहिली.