शालीतला थर्मास

पावर हाउस चौकातून दुर्गला जाणाऱ्या ऑटोत एक तरुण मुलगी माझ्या शेजारी बसली. मांडीवर शालीत गुंडाळलेला थर्मास होता. ऑटोवाल्यानं तो मागे ठेवायला सांगितला, तर तिनं तो छातीशी धरला.

"बाळाचं दूध हाये का?" मी विचारलं.

"गाईची अंडी हायेत, काकू. जित्या गाईतून सुईनं काढलेली. थंडी लागली तर मरतील."

गाय अंडी कधीपासून द्यायला लागली?

माझा चेहरा पाहून ती हसली. "डोळ्याले दिसत नाहीत इतकी बारीक. कच्ची हायेत, लॅबमध्ये पिकवतो. पोटात गाईचं शरीर त्यायले सांगते, आता पिका. आमच्याकडे औषध सांगते."

"अन् ऐकतात?"

"काही ऐकतात. बाकीची कावून ऐकत नाहीत, ते आमालेही पुरतं समजलं नाही."

मी ऑटोचा पडदा खाली ओढला. कोणाला वारा लागू नये म्हणून, ते मला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या सकाळी पहिली पोळी घेऊन फाटकाशी गेले. रोजची गाय उभीच होती. हात जोडायचे विसरून मी तिला विचारलं, "बाई, तुझी लेकरं कुठं पिकून राहिली, तुले तरी माहीत हाये का?"

तिनं पोळी खाल्ली आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली.