यादी आणि 'व्हेट'

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उदगीरकडच्या एका कचेरीत मी कारकून होतो. नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच; इंग्रजी कागद आला की सगळे माझ्याकडं बघायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. चारा छावणी मंजूर झाली आणि जनावरांची यादी जिल्ह्याहून परत आली. सोबत जिल्ह्याच्या साहेबांची इंग्रजी चिठ्ठी — यादी 'व्हेट' करून लगेच छावणी सुरू करा. व्हेट म्हणजे गुरांचा डॉक्टर, एवढं मला ठाऊक होतं. यादीही जनावरांचीच. मग शंका कसली? आणि विचारणार कुणाला — इंग्रजीवाला तर मीच! यादी गुरांच्या दवाखान्यात पाठवून दिली. डॉक्टर लस टोचायला खेडोपाडी गेलेले. नऊ दिवस ती त्यांच्या टेबलावर पडून राहिली.

त्या नऊ दिवसांत छावणीविना, चाऱ्याविना जनावरं मेली. शेजारच्या गल्लीतल्या गंगाबाईची गाभण गाय मेली.

डॉक्टर परतले, यादी घेऊन माझ्याकडं आले. "यात माझं काय काम?" "वरून तसा आदेश होता," मी म्हणालो. ते गेल्यावर मी डिक्शनरी उघडली — तेव्हा कुठं उघडली. 'व्हेटरिनरी' तोडून व्हेट झालेला. गुरांचा डॉक्टर जनावर तपासतो, त्यावरून पुढं व्हेट करणं म्हणजे काहीही नीट तपासून घेणं. नावं तपासायची होती, बस. मी, माझ्याच टेबलावर, तासाभरात.

सांगता आलं असतं. मी चिठ्ठी फाडली. तहसीलदारांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "यादी डॉक्टरांकडं अडकली होती, साहेब." शब्द न् शब्द खरा — नाही का?

गावात तेच पसरलं. गंगाबाई गायीचं दावं घेऊन दवाखान्यात आली, डॉक्टरांच्या टेबलावर टाकलं. "नऊ दिस कागद दाबून बसलास. माझी गाय उभ्या जागी मेली की रं!" आरडाओरडा ऐकून मीही तिथं पोचलो होतो. मी तिला हाताला धरून बाहेर नेलं. किती सोपं होतं ते — तिला बाहेर नेणं.

लोक त्यांच्याकडं जनावर आणीनात. घरमालकानं खोली सोडायला सांगितली. शेवटी त्यांनी किनवटकडं बदली मागून घेतली. एसटीत ट्रंक चढवायला मीच गेलो होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "भाऊसाहेब, इथं तुम्ही एकटेच माझ्याशी माणसासारखं वागलात."

मी म्हणालो, "पोचल्यावर पत्र टाका."

त्यांनी टाकलं. मी उत्तर दिलं नाही.