वहीतल्या वाक्यांवर आबांचा डोळा

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या जयसिंग आबांची शाळा सातवीत सुटली, पण मास्तरकी अंगात शिरली ती बहात्तराव्या वर्षी. त्याचं झालं असं, की नात उत्कर्षा हडपसरला इंग्रजीच्या क्लासला जायला लागली. तिथल्या बाईंची रीत अशी, की रोज पाच शब्द. वहीत शब्द, त्याचा अर्थ मराठीत, मग आपल्या मनानं केलेलं एक इंग्रजी वाक्य आणि त्याखाली त्याचं मराठी. संध्याकाळी वही आबांच्या हातात आणि पोरगी समोर. आबांना इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं. तरी मराठी बाजू धरून परीक्षा घेण्यात ते असे रंगायचे, की चहा निवून त्यावर साय धरायची.

मंगळवारी मात्र गाडी अडली.

"लपवून ठेवणं?" आबांनी विचारलं.

"कन्सील."

"वाक्य?"

उत्कर्षानं ते इंग्रजीत घडाघडा म्हटलं. आबांनी खालचं मराठी ताडून पाहिलं. 'वडिलांनी कागद कपाटात लपवून ठेवला.'

"कुणाच्या वडलांनी गं?"

"कुणाच्याच नाही, आबा. उदाहरण आहे ते."

आबा "बरं" म्हणाले. पण पुढचं वाक्य होतं, 'म्हातारा सही करायला तयार नाही.' आणि त्याच्याही पुढचं, 'पाडव्याला मुलगा त्याला राजी करेल.'

आता आबांच्या नावावर उरले होते ते विहिरीकडचे अकरा गुंठे. बाकीच्या रानात उसाच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिलेले. मुलगा विक्रम हा तुकडा बिल्डरला विकण्यापायी आधी रोज डोकं खायचा. पण गेले दोन महिने चकार शब्द नाही. आबांना तेच खुपत होतं. भुंकणारं कुत्रं गप्प झालं की राखणदारानं उठून बसावं.

जेवताना त्यांनी वाक्यांचा विषय काढला. विक्रम हसला. "एक्झाम्पल आहे ते, आबा! आता काय डिक्शनरीवर केस करता?"

हसला खरा, पण भाकरी अर्धी टाकून उठला. आबांनी तेही मोजलं.

उदाहरण म्हणे! आबांना स्वतःची शाळा आठवली. धोंडिबा मास्तर फळ्यावर 'वाक्यात उपयोग करा' लिहायचे. एकदा 'धूम ठोकणे' आलं. छोट्या जयसिंगनं लिहिलं, 'तलाठी दिसताच वडिलांनी उसात धूम ठोकली.' मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं, शाळा सुटेस्तोवर गावभर झालं आणि दिवेलागणीला पाठीवर वळ उठले. तेव्हापासून आबांना पक्कं ठाऊक, की पोर वाक्य आभाळातून आणत नाही. घरातलंच उचलतं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या आधीच त्यांनी डाव टाकला. "आज शब्द माझे. कपाट?"

"कबर्ड."

"कर वाक्य."

एरवी घडाघडा बोलणारी पोरगी वहीचा कोपरा दुमडत बसली. मग "पाणी आणते" म्हणून उठली, ती पाणी न आणताच क्लासला गेली. आबांना उलगडेना, पोरगी भोळी की बिलंदर?

पाडवा उजाडला. गुढी उभारली, श्रीखंड झालं. विक्रमनं पाया पडून चार इंग्रजी पानं पुढं केली. "वारसनोंदीचा साधा फॉर्म आहे, आबा. इथं सही."

"कपाटातनं आणलास?"

विक्रमचा हात तसाच राहिला. "तुम्ही कपाट उघडलंत?"

"मला किल्ली कशाला लागतीय? उत्कर्षा, इकडं ये. यातला पहिला अवघड शब्द सांग. अर्थासकट."

"ट्रान्सफर," ती हळूच म्हणाली. "एकाचं दुसऱ्याच्या नावावर करणं."

"वाक्य?"

"उत्कर्षा, आत जा," विक्रम म्हणाला.

ती गेली नाही. तिनं पप्पांकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, आणि न अडखळता थेट मराठीतच वाक्य केलं. "विहीर आणि अकरा गुंठे बिल्डरच्या नावावर ट्रान्सफर होतील."

विक्रमनं चारही पानं मागं ओढली.

"आता मला एक शब्द दे," आबा म्हणाले. "नाही म्हणायचाय, पण जरा भारदस्त."

"रिफ्यूज, आबा."

आबांनी तिची वही मागवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'रिफ्यूज, म्हणजे साफ नाही म्हणणे. वाक्य: जयसिंगने सही केली नाही.' खाली धोंडिबा मास्तर करायचे तशी तारखेसकट सही ठोकली.

त्या पाडव्याला आबांनी केलेली सही तेवढीच.