काकांची बिअर

"थांबा, आधी चावू द्या," असं म्हणून काका दुकानातल्या पोत्यातले चार दाणे तोंडात टाकत आणि डोळे मिटून घेत. दाणे माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचे. दुकानदार काउंटरवर बोटं वाजवत बसे. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत घरी बिअर करणारे तेव्हा मोजकेच, आणि त्यात कपाळाला गंध लावलेले हे एकटेच.

तुम्हीही त्यांना इथल्या मराठी मंडळात पाहिलं असेल. 'मुलीनं अमेरिकन नवरा केला आणि हे बाटलीला लागले,' हेही ऐकलं असेल. मी ते ऐकून गप्प बसलो. काकांच्या शोकसभेतही गप्पच. आता माझीही ऐंशी उलटली, तेव्हा खरं सांगून टाकतो. काकांनी आयुष्यात बिअरचा घोट गिळला नाही.

लग्नाचं सगळं मुलाकडच्यांनी ठरवलं होतं. हॉल, केक, फुलं, सगळं. काका म्हणाले, "अरे, मी काय नुसता सूट घालून उभा राहू? माझ्या हातचं काहीतरी नको?" व्याह्यांना इंग्लिश धाटणीची तांबूस बिअर आवडते हे कळलं आणि गॅरेजमध्ये पातेली चढली.

इंग्लिश माल्ट मिळेना. दुकानात होता तो अमेरिकन, फिकट. काकांनी चावून निकाल दिला, "गोड आहे, खमंग नाही." मग त्यांना काकूंची भाजणी आठवली. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची लोखंडी कढई निघाली आणि सगळाच्या सगळा माल्ट भाजला गेला. वास असा सुटला की शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला.

पण भरडून कोमट पाण्यात कितीही ठेवला तरी पाणी गोड होईना. आयोडीनचा थेंब टाकला, तर काळानिळा, म्हणजे पीठ तसंच. काका केमिस्ट. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, पिठाची साखर करणारं जे दाण्यात असतं, तेच मी भाजून मारलं! थालीपिठं लावायची होती का मला?"

"काका, कॅन्सल करा. विकतची आणू," मी म्हणालो.

"विकतची ते लोकही आणतील."

दुसऱ्या खेपेला मुख्य माल्ट तोच अमेरिकन, अजिबात न भाजलेला. त्यात ओंजळभर भाजलेला, चवीपुरता. चाखायला मी. म्हणून तर मंडळात माझं तोंड उघडलं नाही; पिणारा मीच निघालो असतो.

"कशी आहे?"

"छान."

"छान काय रे! खमंग की करपट?"

लग्नात व्याह्यांनी घोट घेतला, ग्लास उजेडात धरला. "इंग्लिश माल्ट?"

"अमेरिकन," काका म्हणाले. "आय रोस्टेड अ लिटल. माय वाइफ्स पॅन."

व्याह्यांनी ग्लास रिकामा केला. मग काका कुणाला ऐकेनात. कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि पंगतीत वाढावं तसे बिअरचा जग घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. "वन मोअर, जस्ट लिटल!" व्याह्यांनी ग्लासवर हात आडवा धरला. काका हलले नाहीत. जग तिरका धरून वाकून उभे राहिले, हात निघायची वाट पाहत.